नागरिक विज्ञानात (म्हणजे सामान्य लोकांच्या सहभागातून होणाऱ्या वैज्ञानिक नोंदी व अभ्यासात) सर्वांना सामावून घेणारी एखादी राष्ट्रीय चौकट भारतात आहे का?

आहे, पण ती ‘नागरिक विज्ञान’ या नावाने ओळखली जात नाही. जैवविविधता कायदा, 2002 नुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची असते आणि 2004 च्या नियमांनुसार गावकऱ्यांशी सल्लामसलत करून लोकजैवविविधता नोंदवही (परिसरातील सजीव आणि त्यांच्याविषयीचे स्थानिक ज्ञान यांची नोंद) तयार करणे हे तिचे मुख्य काम ठरले होते. नियुक्त सदस्यांपैकी किमान एक तृतीयांश महिला आणि किमान 18 टक्के अनुसूचित जाती-जमातींचे असावेत, अशीही तरतूद त्या नियमांत होती.

अडचण अंमलबजावणीत आली. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 31 जानेवारी 2020 ही मुदत घालून, त्यानंतर राज्यांकडून दरमहा 10 लाख रुपये आकारण्याची तंबी दिल्यावर अनेक ठिकाणी नोंदवह्या घाईने उरकल्या गेल्या. ठाणे-पालघरमधील आदिवासी बाईला शेवळं ही रानभाजी कोणत्या उतारावर उगवते आणि तिची खाज घालवण्यासाठी काकडं (काकड या झाडाची फळं) का घालावी लागतात हे तोंडपाठ असते. मात्र रकाने भरणारा माणूस तिच्यापर्यंत पोहोचलाच नाही, तर महिला सदस्यांची टक्केवारी (कागदोपत्री चोख असली तरी) माझ्या मते निरर्थक आहे.