सदाफुलीच्या पानातली बुरशी

प्रश्न : एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी सदाफुलीच्या पानांत राहणारी बुरशी वेगळी करते आहे. तीन दिवसांतच बुरशी वाढवायच्या सगळ्या प्लेटा काळ्या-हिरव्या होतात. बुरशी विंक्रिस्टीन (सदाफुलीतून मिळणारं कर्करोगावरचं औषध) बनवते हे सिद्ध कसं करायचं? — विद्यार्थिनी, मुलुंड

उत्तर : काळी-हिरवी वाढ बहुतेक अ‍ॅस्परजिलस या सर्वत्र आढळणाऱ्या बुरशीची, ती पानावरून किंवा हवेतून आलेली. पावसाळ्यात मुंबईत हा त्रास फार वाढतो.

निरोगी पान त्याच दिवशी वापरा. अख्खं पान नळाखाली १० मिनिटं धुवा. मग ७० टक्के इथेनॉल १ मिनिट, २ टक्के सोडियम हायपोक्लोराइट ३ मिनिटं, पुन्हा इथेनॉल ३० सेकंद आणि निर्जंतुक पाण्याने तीनदा. हायपोक्लोराइटची बाटली जुनी किंवा उन्हात राहिलेली नको, तिचा जोर गेलेला असतो. तुकडे आधी करू नका, नाहीतर द्रावण कापलेल्या कडेतून शिरून आतलीही बुरशी मारतं. धुतल्यावर कडा कापून टाका, ५ मिलिमीटरचे तुकडे पीडीएवर (बटाट्याचा अर्क आणि साखर घातलेलं, बुरशी वाढवायचं माध्यम) ठेवा. जिवाणू रोखायला माध्यमात लिटरला १०० मिलिग्रॅम क्लोरॅम्फेनिकॉल घाला.

शेवटचं धुण्याचं पाणी एका प्लेटवर पसरा, धुतलेलं पान दुसरीवर दाबून उचला. तिथे काही उगवलं तर ती सगळी खेप फेकून द्या. जिवावर येतं, पण सूट नाही. आतल्या बुरशीचे तंतू तुकड्याच्या कापलेल्या कडेतूनच डोकावतात, कधी आठवड्याने, कधी तीन आठवड्यांनी. तंतूचं टोक तेवढं उचलून नव्या प्लेटवर न्या.

आता विंक्रिस्टीन. टीएलसीवरचा (घटक पातळ थरावर वेगळे करायची साधी चाचणी) ठिपका पुरावा नव्हे; एलसी-एमएस/एमएसवर (रेणू वस्तुमानावरून ओळखणारं यंत्र) प्रमाणित नमुन्याशी तुलना हवी. पहिल्या प्लेटवर पानातलंच द्रव्य सोबत आलेलं असू शकतं, म्हणून पाच-सहा उपसंवर्धनांनंतर (बुरशी दर वेळी नव्या प्लेटवर नेऊन वाढवल्यावर) पुन्हा मोजा. इथेच बहुतेक दावे ढासळतात. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या यू वृक्षाच्या बुरशीत टॅक्सॉल हे कर्करोगावरचं औषध सापडल्याचं जाहीर झालं, तेही लिटरला काही नॅनोग्रॅम. २०१३ च्या फेरतपासणीत ते स्वतंत्रपणे बनवण्याची क्षमता बुरशीत आढळली नाही. कॅम्पटोथेसिन हे कर्करोगविरोधी द्रव्य देणाऱ्या फ्युजेरियम बुरशीचं उत्पादनही पिढीगणिक घटत गेलं. त्यामुळे पहिली शुद्ध पिढी मिळताच २० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर जपून ठेवा.

प्रश्न : वडिलांची केमो परळला सुरू आहे. सदाफुलीचा काढा द्यावा का? — एक वाचक, लालबाग

उत्तर : कृपया देऊ नका. विंक्रिस्टीन शुद्ध करून, शरीराच्या क्षेत्रफळानुसार मिलिग्रॅममध्ये मोजून, फक्त शिरेतून देतात. पानांत इतरही अनेक अल्कलॉइड (वनस्पतींतली औषधी किंवा विषारी द्रव्यं) असतात आणि त्यांचं प्रमाण झाडागणिक बदलतं. केमोत आधीच नसा आणि अस्थिमज्जेवर ताण असतो, त्यात ही भर नको. काढा आधीच दिला असेल तर वडिलांच्या डॉक्टरांना आजच सांगा.