पर्समधलं बदलीचं पत्र

"मॅडम, तो एक दिवस मला परत मिळाला ना, तर मी राजीनामा देणार नाही. बाकी काही नको मला."

समुपदेशनाच्या पहिल्याच भेटीत बाई असं म्हणाल्या आणि पर्समधून एक कागद काढून माझ्यासमोर ठेवला. 17 वर्षांपूर्वीचं बदलीचं पत्र. घड्यांवर विरलेलं, मागून चिकटपट्टी लावलेलं. बाई स्थापत्य अभियंता, आता वय 46. तेव्हा एका मोठ्या पुलाच्या कामावर त्यांची नेमणूक झाली होती. त्यांनी नोकरीच सोडली. पुढे कार्यालयात बसून करायची कामं मिळाली, ती त्या आजही करतात. (ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.)

"तेव्हा वेगळं वागले असते तर" हे वाक्य माझ्याकडे येणाऱ्यांपैकी कितीतरी जण बोलतात. त्यावर घरचे सांगतात, झालं ते चांगल्यासाठीच झालं. मी हे कधीच म्हणत नाही. ज्याचं खरोखर काही गमावलं आहे त्याला ते ऐकून आणखी एकटं वाटतं.

मी विचारलं, "तुम्ही गेला असता, तर त्या दिवसांत घरी कोण होतं?" बाई थांबल्या. आई अंथरुणाला खिळलेली, मुलगी नऊ महिन्यांची. मनात रंगवलेल्या त्या दुसऱ्या आयुष्यात पूल होता, सहकारी होते, बढती होती. आजारी आई कुठेच नव्हती. "हा विचार मी केलाच नव्हता," त्या हळूच म्हणाल्या.

पुढच्या भेटीत मी त्यांना एका कागदावर मधोमध रेघ मारायला सांगितली. डावीकडे त्या आठवड्यात माहीत असलेल्या गोष्टी, उजवीकडे नंतर कळलेल्या. त्यांनी डावीकडे लिहिलं, 'आई वर्षभरात बरी होईल.' मी विचारलं, "हे तुम्हाला कधी कळलं?" पेन तसंच हातात राहिलं. मग त्यांनी ती ओळ खोडली आणि उजवीकडे लिहिली. अशा चार ओळी रेघेपलीकडे गेल्या.

आपलं मन हे नेहमीच करतं. बारूख फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञाने 1975 साली काही लोकांना 1814 च्या इंग्रज-गुरखा संघर्षाची हकीकत वाचायला दिली होती. ज्यांना शेवट आधी सांगितला, त्यांना तोच शेवट जास्त संभवनीय वाटला; सांगितला नसता तरी आपण तोच ओळखला असता, असंही वाटलं. एकदा निकाल कळला की तो माहीत नव्हता तेव्हाचं मन आठवत नाही. बाई 17 वर्षं 29 वर्षांच्या एका मुलीला, तिला माहीतच नसलेल्या गोष्टींवरून दोषी ठरवत होत्या. त्या मुलीबद्दल मला फार वाईट वाटलं, आणि तसं मी त्यांना सांगितलंही.

पण डावीकडे एक ओळ उरली, ती खोडता येईना. 'मी सहा महिन्यांची मुदत मागितलीच नाही. नाही म्हणतील म्हणून घाबरले.'

ही ओळ मी पुसू दिली नाही. थॉमस गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेदवेक या मानसशास्त्रज्ञांनी 1995 साली मांडलेला निष्कर्ष मला इथे हमखास आठवतो: केलेल्या चुका सुरुवातीला जास्त बोचतात, पण वर्षं उलटली की न केलेल्या गोष्टींचं दुःख वर येतं. बाईंना पूल गेल्यापेक्षा आपण तोंडच उघडलं नाही हे जास्त लागलं होतं. तो दिवस परत आणणं माझ्या हातात नाही. म्हणून एवढंच विचारलं, "आज कुठे मागायचं राहून जातंय?"

बराच वेळ त्या पत्राच्या कडेवरून बोट फिरवत राहिल्या. मग सांगितलं, कार्यालयात प्रत्यक्ष कामावर देखरेखीला माणसं हवी आहेत, दोन महिने त्या रोज ती सूचना वाचतात आणि परत जागेवर येऊन बसतात.

आम्ही ते मागणं मोठ्याने बोलून पाहिलं. पहिल्या खेपेला त्यांनी सुरुवातच "माफ करा" अशी केली. तिसऱ्या खेपेला ते दोन शब्द गळाले.

पाचव्या भेटीला आल्या तेव्हा साहेबांशी बोलून झालं होतं. उत्तर आलं होतं, "बघू." आवाज थरथरला म्हणाल्या, पण वाक्य पूर्ण केलं. पत्राचं विचारलं, तर ते आता घरी, जुन्या कागदांच्या फायलीत आहे.