पेनड्राइव्ह लावला, पण दिसतो कुठे?

भाऊ, विंडोजची सवय असली की डोळे आधी ई ड्राइव्ह, एफ ड्राइव्ह शोधतात. लिनक्समध्ये ती अक्षरं नाहीतच. पेनड्राइव्ह एखाद्या फोल्डरला जोडला जातो, यालाच माउंट होणं म्हणतात. उबुंटू नावाच्या लिनक्समध्ये बहुतेक वेळा मीडिया फोल्डरात, तुझ्या युजरनेमखाली. फेडोरा या दुसऱ्या लिनक्समध्ये आधी रन, मग मीडिया, मग युजरनेम.

पण हे पाठ करत बसू नको, मशीनलाच विचार. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, एल-एस-बी-एल-के ही पाच अक्षरं स्मॉलमध्ये टाइप कर. साइजवरून ओळख: १६ जीबीचा पेनड्राइव्ह १४-१५ जी दिसेल, कारण तिथली मोजणी १०२४ च्या पटीत चालते. एसडीबी दिसलं तर तो अख्खा ड्राइव्ह, एसडीबी१ हे त्यातलं पार्टिशन, म्हणजे एक भाग. त्या ओळीच्या शेवटी माउंटपॉइंट, म्हणजे तो जोडला गेलेला फोल्डर, असतो. तो रकाना रिकामा असेल तर ड्राइव्ह सापडलाय, फक्त माउंट व्हायचाय. फाइल मॅनेजरमध्ये त्यावर क्लिक कर.

रावेरच्या केळी व्यापाऱ्याचा वर्षाचा हिशोब कॉपी करून देताना मात्र घाई नको. कॉपी संपलेली दिसली तरी काही डेटा रॅममध्येच असतो. आधी इजेक्ट कर, मगच काढ. ‘टार्गेट इज बिझी’ आलं तर बहुधा तुझं टर्मिनलच त्या फोल्डरात उघडं आहे. तिथे नुसती सी-डी ही दोन अक्षरं स्मॉलमध्ये टाइप करून बाहेर ये.