गेलेली भीती परत आली, तर सराव वाया गेला का?

“मॅडम, एवढ्या प्रयत्नांनी घालवलेली भीती पुन्हा आली, आता ती कायमचीच का?” हा प्रश्न समुपदेशनात वारंवार येतो. एका शिक्षिकेचा अनुभव, ओळख पटेल असे तपशील बदलून, येथे देत आहे.

पावसात स्कूटर घसरून त्यांचा हात मोडला होता. पुढे हँडल धरले तरी छाती धडधडू लागे. हिवाळ्यात पतींना मागे बसवून त्यांनी घराजवळच्या रस्त्यावर सराव केला आणि उन्हाळ्यापर्यंत त्या बिनधास्त गाडी चालवू लागल्या. जूनच्या पहिल्या सरीत मात्र, एकट्या असताना, त्यांचे हातपाय कापू लागले. स्कूटर रस्त्याकडेला लावून त्या रिक्षाने घरी आल्या.

मी त्यांना अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ मध्ये प्रसिद्ध केलेली, पीटर नावाच्या मुलाची हकिगत सांगितली. सशाला घाबरणाऱ्या या चिमुकल्याची भीती बरीच ओसरली होती. पण स्कार्लेट फीव्हर या संसर्गजन्य तापामुळे उपचारांत दोन महिन्यांचा खंड पडला आणि रुग्णालयातून निघताना मोठा कुत्रा अंगावर आल्याने ती पुन्हा उसळली. मग तो आवडीचा खाऊ खात असताना ससा थोडा थोडा जवळ आणला गेला आणि अखेर पीटर सशाशी खेळू लागला.

सरावाने जुनी भीती सहसा पुसली जात नाही. ‘येथे धोका नाही’ हे नवे शिक्षण तिच्याशेजारी तयार होते, आणि ते ज्या जागी, ज्या ऋतूत, ज्यांच्या सोबतीने झाले त्यांच्याशी बरेचसे बांधलेले राहते. नुसता काळ लोटला तरी शिकलेला आणि मग विझलेला प्रतिसाद परततो, हे रशियन शरीरक्रियाशास्त्रज्ञ पावलोव्ह यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांत पाहिले होते. या बाईंचे शिक्षण कोरड्या रस्त्याशी आणि पतींच्या सोबतीशी जोडलेले होते. ते खोटे नव्हते, अपुरे होते.

म्हणून आम्ही सराव पावसात नेला: आधी रिमझिमीत मोकळ्या मैदानावर, मग वेगवेगळ्या रस्त्यांवर, एकट्याने. निघण्यापूर्वी ‘काय होईल असे वाटते’ हे त्या लिहीत आणि परतल्यावर प्रत्यक्ष घडलेले त्याखाली नोंदवीत. ओला रस्ता खरोखरच निसरडा असतो, तेव्हा टायर तपासणे आणि वेग कमी ठेवणे याला मी भीती मानत नाही. ती सावधगिरी राखायचीच होती.

दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिल्या दिवशी त्यांचे हात पुन्हा ताठरले, पण या वेळी त्या थांबल्या नाहीत. आता सुट्टीतही त्या अधूनमधून स्कूटर बाहेर काढतात.