‘च’चे अर्थ नेमके किती?

ताई, तुम्ही विचारलंय की ‘मीच’, ‘आलोच’ यातला च नुसता जोर द्यायला असतो का त्याला स्वतःचा काही अर्थ आहे, आणि ‘चकार शब्द काढला नाही’ मधला च तो हाच का.

चकारचं आधी सांगतो. तो संस्कृतातला च, ‘आणि’ या अर्थाचा. एका अक्षराचा एवढासा शब्द, तेवढासुद्धा तोंडातनं काढला नाही असा त्याचा भाव. पण एवढासा म्हणून त्याला हलक्यात घेऊ नका. पाणिनीचं ‘चार्थे द्वंद्वः’ असं सूत्र आहे, म्हणजे अख्खा द्वंद्व समास या च च्या अर्थावर उभा आहे, आणि वैयाकरणांनी त्याचे चार अर्थ मोजलेत, समुच्चय (सुट्या गोष्टी एकापुढं एक जोडणं), अन्वाचय (मुख्य कामाला दुय्यम काम जोडणं), इतरेतरयोग (दोघं मिळून, पण वेगवेगळे) आणि समाहार (सगळ्यांचा मिळून एकच गट). मला त्यातला अन्वाचय लई आवडतो. त्याचं ठरलेलं उदाहरण ‘भिक्षामट गां चानय’, भिक्षेला जा आणि गाय पण घेऊन ये. खरं काम भिक्षेचं, गाय आपली जाता जाता दिसली तर. आमच्या कोल्हापुरात घरातनं महाद्वार रोडला निघालेल्याला ‘आणि येताना फुटाणे आण’ म्हणतात त्यातला ‘आणि’ अगदी तसाच. शिवाय श्लोकात अक्षर कमी पडलं की तिथंही हा च येतो, अमरकोशात, म्हणजे जुन्या संस्कृत शब्दकोशात, तु, हि, च, स्म, ह, वै हे पादपूरणाचे (ओळ भरून काढायचे) म्हणून सरळ नोंदवलेत.

आपला ‘मीच’वाला च वेगळा, उच्चारापासनंच वेगळा. चकारातला च ‘चंद्र’मधला, मीचमधला ‘चोर’मधला. लिपीत दोन्हीला एकच अक्षर म्हणून लक्षात येत नाही. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशी घेऊन येणाऱ्या कुणाला ‘चार म्हशी चारून आण’ म्हणायला लावा आणि नीट ऐका, दोन्ही ‘चार’ला जीभ वेगळ्या जागी लागते. ‘कोल्हापूरचा’ आणि ‘कोल्हापूरची’ यातही तेच. या च ला महाराष्ट्री प्राकृतात ‘च्चिअ’, ‘च्चेअ’ अशी रूपं सापडतात, जुन्या मराठीत तो ‘चि’ होता, तुकोबांच्या ‘तोचि साधु ओळखावा’ मधला. दखनी उर्दू बोलणारेसुद्धा ‘मैंच’ म्हणतात बघा.

आता अर्थ. ‘जोर देतो’ एवढ्यावर भागत नाही, कारण तो कुठं बसतो त्यावर सगळं फिरतं. ‘मीच काल रंकाळ्यावर गेलो’ म्हणजे बाकी कुणी गेलं नाही. ‘मी कालच रंकाळ्यावर गेलो’ म्हणजे एवढ्यात, किंवा काल सोडून दुसऱ्या कुठल्या दिवशी नाही. ‘रंकाळ्यावरच गेलो’ म्हणजे पंचगंगा घाटावर वगैरे नाही. आणि ‘शेवटी गेलोच’ म्हटलं की जाऊ का नको असं आधी चाललं होतं, किंवा कुणी अडवत होतं, हे न सांगता कळतं! क्रियापदाला लागला की कधीकधी तो काळसुद्धा हलवतो. फोनवर ‘आलोच’ म्हणणारा माणूस अजून आलेला नसतो, रूप भूतकाळाचं आणि अर्थ आत्ता येतोय असा. ‘उजाडताच निघालो’ मध्ये लगेचचा अर्थ, ‘आलाच तर सांग’ मध्ये उलट, येईल का नाही याची शंका. म्हणजे एकच च खात्री पण देतो आणि शंका पण घेतो, हे मला फार भारी वाटतं.

‘काहीच’ (काहीही या अर्थाचं), ‘कुणीच’ला पुढं ‘नाही’ लागतंच, ‘कुणीच आलं’ असं वाक्य होत नाही. काही ठिकाणी तर तो शब्दात इतका मुरलाय की काढला तर अर्थच बदलतो, ‘बरं’ म्हणजे चांगलं आणि ‘बरंच’ म्हणजे पुष्कळ, ‘तरी’ आणि ‘तरीच’ (तरीच म्हटलं, आज मटणाचा वास कसा!) यांचा तर एकमेकांशी संबंध लावत बसावं लागतं. दोन शब्दांच्या मधे आला तर भरभरून, 2019 च्या पुरात शिरोळ तालुक्यात पाणीच पाणी होतं, तिथं ‘पाणी पाणी’ म्हणून भागलं नसतं. आणि आग्रहाचा च आपल्याकडचा खास, ‘जेवूनच जावा की’. नुसतं ‘जेवून जावा’ला पाहुणा नको म्हणू शकतो, ‘जेवूनच’ला अवघड जातं.

व्याकरणाच्या पुस्तकात त्याला शुद्ध शब्दयोगी अव्यय म्हणतात, ही, पण, मात्र, सुद्धा यांच्या पंगतीतला. म्हणून मोबाईलवर ‘मी च’, ‘घरी च’ असं तोडून टाईप करतात ते बरोबर नाही, जोडूनच लिहायचं, आणि विभक्ती असेल तर तिच्या मागनं, ‘घरातच’, ‘तिलाच’, ‘कोल्हापुरातच’.