मेक्सिकोतल्या तेओतिवाकान या प्राचीन शहराचे रस्ते तिरके का आहेत? नदीही खरंच वळवली होती का?

हो, वळवली होती. सान हुआन नदीचं पात्र शहरातून जाताना रस्त्यांच्या आखणीप्रमाणे काटकोनात वळतं. मुख्य रस्ता, ‘मृतांचा मार्ग’, उत्तरेपासून सुमारे 15.5 अंश पूर्वेला कललेला आहे. सर्वांत पटणारं कारण पंचांगाचं: त्याला काटकोनात असलेल्या रेषेवर सूर्य 13 ऑगस्ट आणि 30 एप्रिलच्या आसपास मावळतो. 13 ऑगस्टपासून पुढच्या 30 एप्रिलपर्यंत दिवस 260, म्हणजे तिथल्या धार्मिक पंचांगाचं एक आवर्तन.

बांधकामाची खूण म्हणजे तालुद-ताब्लेरो: खाली उतरती भिंत, वर चौकटीचा उभा पट्टा. पट्टा उताराच्या पुढे येतो, म्हणून त्याच्याखाली दगडी लाद्या आत रोवून थोड्या बाहेर काढलेल्या असतात. सगळा भार त्यांच्यावर. लादी तुटली की वरचा पट्टा ढासळतो. वरून चुन्याचा गिलावा.

शहरातल्या सर्वांत मोठ्या पिरॅमिडचा, म्हणजे सूर्य-पिरॅमिडचा, आजचा आकार मात्र जसाच्या तसा खरा धरू नका. 1905 ते 1910 दरम्यान पुरातत्त्वज्ञ लिओपोल्दो बात्रेस यांनी बाहेरचा काही मीटर जाडीचा थर काढून टाकला, आणि उघडा पडलेला आतला भराव पावसात वाहू लागला. डागडुजीत एक जादा टप्पाही तयार झाला. फोटोंत तोच दिसतो.