तीस हजारांत टेकडी आणि घाटासाठी एमटीबी (माउंटन बाइक) कोणती घ्यावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: राहायला कोथरूडला, बजेट तीस हजार, शनिवार-रविवार वेताळ टेकडी आणि महिन्यातून एकदा सिंहगड. दुकानदाराने अठरा हजारांत दोन्हीकडे शॉकअप, डिस्क ब्रेक आणि २१ गिअरची सायकल दाखवली आहे. वर 'उरलेल्या पैशांत हळूहळू पार्ट बदला' असा सल्लाही दिला आहे. घ्यावी का?

नका घेऊ. मी अगदी अशीच घेतली होती, म्हणून सांगतो.

आठ-नऊ महिने मजेत गेले. मग एका रविवारी सिंहगडावरून उतरताना मागचं चाक डुलायला लागलं. डिस्क घासतेय, गिअर आपोआप पडतायत. मला वाटलं रिम आउट झाली असेल. सायकल टेम्पोत टाकून घरी आणली. दुसऱ्या दिवशी पेठेतल्या मेकॅनिकने चाक काढलं, पोकळ एक्सलमधून (चाकाच्या आसातून) जाणारी क्विक रिलीजची सळई ओढली, आणि एक्सल दोन तुकडे होऊन त्याच्या तळहातावर आला. सळईने दाबून धरला होता म्हणून चाक जागेवर राहिलं, एवढंच. मी घाबरलेला, तो मात्र शांतपणे म्हणाला, "फ्रीव्हील आहे ना, होणारच." आणि खालच्या डब्यातून तसेच मोडलेले आणखी तीन एक्सल काढून दाखवले.

स्वस्त सायकल आणि कामाची सायकल यांतला खरा फरक इथे आहे, आणि दुकानात तो कोणी दाखवत नाही. स्वस्त हबवर (चाकाच्या मधल्या तुंब्यावर) मागच्या दातेरी चकत्या एका फ्रीव्हीलवर असतात आणि तो फ्रीव्हील हबवर स्क्रूसारखा फिरवून बसवतात. त्यामुळे उजवीकडचे छर्रे फ्रीव्हीलच्या आतल्या बाजूला राहतात. फ्रीव्हीलखालचा तीन-चार सेंटिमीटर एक्सल कशाच्याही आधाराशिवाय तुमचं वजन झेलतो. रस्त्यावर तो वर्षानुवर्षं टिकेल. टेकडीवर, दगडांवरून, सत्तर-ऐंशी किलोचा माणूस वर बसलेला असताना तो वाकतो आणि एक दिवस मोडतो. कॅसेट हबमध्ये, म्हणजे जिथे चकत्या स्क्रूसारख्या न फिरवता सरकवून बसवतात तिथे, छर्रे पार बाहेरच्या टोकाला असतात, म्हणून हा प्रश्नच येत नाही.

ओळखायचं कसं? मागच्या चाकाच्या दात्यांच्या मध्यभागी बघा, तिथे पाना बसवायची खाच असते. दाते हाताने उलटे फिरवा. खाच दात्यांबरोबर फिरली तर कॅसेट. दाते फिरतायत आणि खाच जागच्या जागी, तर फ्रीव्हील. पाच सेकंदांचं काम आहे, दुकानदाराला विचारायचीही गरज नाही. या किमतीत मागे सातच चकत्या असतील तर जवळजवळ नक्की फ्रीव्हील समजा. नऊ असतील तर बहुतेक कॅसेट असते, तरी फिरवून बघा.

आता शॉकअप. मागचा शॉकअप तर विसराच. स्वस्त डबल सस्पेन्शन म्हणजे फ्रेममध्ये बसवलेला झोपाळा. घाटात पायडलवर जोर दिला की त्यातला काही जोर स्प्रिंग दाबण्यात जातो. पुढचा चिमटा (ज्यात पुढचं चाक बसतं तो) लोखंडी स्प्रिंगचा असेल तर त्याचंच वजन अडीच किलोच्या आसपास भरतं, आणि तो आत किती जातो यापेक्षा कसा परत येतो हे महत्त्वाचं. दुकानात पुढचा ब्रेक धरून हँडलवर दाब द्या. टण्णकन उसळून वर आला, तर तो दगडांवर चाकाला रस्त्याशी धरून ठेवणार नाही, उलट उडवेल. माझं मत स्पष्ट आहे: स्प्रिंगऐवजी हवेवर दबणारा चिमटा परवडत नसेल तर वाईट शॉकअपपेक्षा साधा न दबणारा चिमटा आणि जाड टायर बरे. वेताळ टेकडीची पायवाट मी दोन वर्षं तशीच मारली आहे. पण एक खरं, तीस हजारांत शॉकअप नसलेली एमटीबी शोधायला गेलात तर दमाल. तेव्हा असलेला स्वीकारा, पण त्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

टायरवरून आठवलं. दुकानवाले सवयीने पन्नास-साठ पीएसआय हवा ठोकून देतात. टेकडीवर रुंद टायरमध्ये तीसच्या आसपास ठेवा. अर्धा शॉकअप फुकटात मिळतो.

'२१ गिअर' हा आकडा निरर्थक आहे. पुढे तीन, मागे सात, गुणाकार एकवीस. त्यातले निम्मे एकमेकांसारखेच. घाटासाठी एकच गिअर बघायचा, सगळ्यात हलका. पुढचे सगळ्यात कमी दाते भागिले मागचे सगळ्यात जास्त. पुढे २४ आणि मागे २८ असेल तर २९ इंची चाक पायडलच्या एका फेरीत साधारण २ मीटर पुढे जातं. मागे ३४ असेल तर १.६ मीटर, म्हणजे चढ हलका. कागदावर फरक किरकोळ वाटतो, सिंहगडाच्या वरच्या वळणांवर पाय टेकवायचा की नाही हे तोच ठरवतो. पुढे एकच ३२ दात्यांची प्लेट आणि मागे ११ ते ४२ अशी रचना मिळाली (मायक्रोशिफ्ट कंपनीचा नऊ गिअरचा अॅडव्हेंट तसा आहे) तर डोळे झाकून घ्या. चेन उतरायची कटकट कमी आणि डाव्या हाताला गिअर बदलायचं कामच नाही.

गिअर बनवणाऱ्या शिमानो कंपनीच्या मालाची चढती भाजणी अशी: टर्नी, अल्टस, असेरा, अलिव्हिओ, डिओरे. २०२३ पासून मधल्या पायऱ्यांच्या जागी क्यूज नावाची मालिका आली आहे. तुमच्या बजेटात अल्टस किंवा असेरा मिळालं तरी उत्तम. फक्त एक जुनी युक्ती लक्षात ठेवा: मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा) दिसतो, म्हणून तो वरच्या पायरीचा लावतात, आणि हब, क्रँक (पायडलचा दांडा), चेन यांत पैसे वाचवतात. नजर डिरेलरवरून हटवा.

ब्रेक आणि 'हळूहळू पार्ट बदला' हे एकत्रच सांगतो. केबलचे डिस्क ब्रेक चालतात, पण पावसाळ्याच्या चिखलात पॅड झिजत राहतात आणि सारखे अॅडजस्ट करावे लागतात. घाट उतरताना बोटंही आखडतात. म्हणून मी हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे, लावायला गेलो. तेव्हा कळलं की माझ्या सायकलवर ब्रेकची मूठ आणि गिअरचा खटका एकाच तुकड्यात होते. ब्रेक बदलायचा तर दोन्ही शिफ्टरही बदला! चिमटा बदलायला गेलो तर फ्रेमची पुढची नळी वरपासून खालपर्यंत एकाच मापाची, आणि आजचे बरे चिमटे खाली जाड दांड्याचे. हबमुळे कॅसेटही बसेना. सुटे पार्ट घेत गेलात तर अख्ख्या चांगल्या सायकलीपेक्षा जास्त पैसे जातात, हे मी वही मांडून अनुभवलं आहे.

म्हणून पार्ट बदलायला पैसे मागे न ठेवता तीस हजार आत्ताच लावा. म्हणजे पंचवीस-सव्वीस सायकलीवर, आणि उरलेले हेल्मेट, पंप, दोन ट्यूब आणि पंक्चरच्या सामानावर. अॅल्युमिनियमची फ्रेम, खाली फुगीर पुढची नळी, कॅसेट हब, ब्रेक आणि गिअरच्या मुठी वेगवेगळ्या. एवढं जिथे जुळेल ते मॉडेल घ्या. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. दर वर्षी त्याच नावाखाली वेगळे पार्ट येतात.

शिवाय जुन्या सायकली बघाच. २०२० मध्ये हौसेने घेतलेल्या कितीतरी चांगल्या सायकली सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये धूळ खात पडल्या आहेत, आणि त्या तुमच्या बजेटात एक पायरी वरचा माल देतात. जाताना खिशात एक फूटपट्टी न्या. चेनच्या एका पिनेवर शून्य ठेवा. बाराव्या इंचावर बरोबर पिन यायला हवी. ती एक अष्टमांश इंच पुढे गेली असेल तर चेन संपली आहे आणि बहुतेक कॅसेटही. तेवढे पैसे किमतीतून कमी करून घ्या. पुढच्या नळीजवळचं वेल्डिंग ओल्या फडक्याने पुसून, तडा आहे का बघा. तडा असेल तर कितीही स्वस्त मिळाली तरी सोडून द्या.

उंची तुम्ही लिहिली नाहीत. सायकलीवर दोन्ही पाय जमिनीला टेकवून उभे राहा, मधल्या दांड्यापासून दोन-तीन इंच जागा राहायला हवी. दुकानात 'सीट खाली केली की बसेल' असं म्हणाले तर मापाची सायकल त्यांच्याकडे नाही असं समजून पुढच्या दुकानात जा.